क्लोन बरोबर होता, बूट मात्र होईना

आधीच सांगून टाकते, क्लोन (डिस्कची जशीच्या तशी नक्कल) पहिल्या दिवसापासून बरोबर होता. हे मला चौथ्या दिवशी कळलं, आणि तोवर तीच एसएसडी डिस्क मी तीनदा पुसून तीनदा क्लोन केली होती, दर वेळी दीड-दोन तास, दर वेळी शेवटी तोच काळा स्क्रीन.

झालं असं की माझा जुना लॅपटॉप, २०१२ च्या सुमाराचा, अधूनमधून आपोआप बंद पडायला लागला होता. त्यात हिशेबाचं एक जुनं सॉफ्टवेअर आहे ज्याची सेटअप फाइल कधीच हरवली आणि बनवणाऱ्यांचाही आता पत्ता नाही. म्हणजे नव्या मशिनवर विंडोज कोरं टाकून भागणार नव्हतं, सगळं जसंच्या तसं उचलून न्यायचं होतं. म्हणून ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क क्लोनझिला नावाच्या प्रोग्रामने १ टीबीच्या साटा जोडणीच्या एसएसडीवर क्लोन केली. क्लोनझिलाने सुरुवातीलाच कुरकुर केली की एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) नीट बंद केलेलं नाहीये, तेव्हा परत विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद केलं, शिफ्ट दाबून शटडाउन केलं, मग झालं. (फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज खऱ्या अर्थाने बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि ती झोपलेली अवस्थाच क्लोनमध्ये जाते.) एसएसडी त्याच लॅपटॉपमध्ये टाकून बघितली तर मस्त चालली, म्हटलं झालं काम. आठवड्याभरात लॅपटॉपने राम म्हटला. मी म्हटलं काही हरकत नाही, क्लोन आहे ना, तीच काढायची आणि घरी पडून असलेल्या त्यातल्या त्यात नव्या डेस्कटॉपला लावायची.

लावली. बटण दाबलं. कंपनीचा लोगो आला, गेला, आणि काळ्या स्क्रीनवर एक ओळ, बूट करण्याजोगं, म्हणजे विंडोज सुरू करता येईल असं, डिव्हाइस सापडलं नाही म्हणून.

आता इथे शहाण्या माणसाने थांबून विचार केला असता. मी काय केलं, तर क्लोन खराब झाला असं गृहीत धरलं. जुनी हार्ड डिस्क शाबूत होतीच, दोन्ही डिस्का अ‍ॅडॅप्टरने डेस्कटॉपला लावून पेनड्राइव्हवरून क्लोनझिला चालवलं आणि पुन्हा क्लोन. तेच. मग वाटलं केबल. केबल बदलली. मग साटाचा पोर्ट बदलला. मग पुन्हा क्लोन, या वेळी सगळे पर्याय नीट वाचून. तेच. मधे एकदा कामाचा लॅपटॉप घेऊन त्याला जुनी डिस्क आणि एसएसडी दोन्ही लावल्या, फाइली आल्यात का बघायला, तर दुसरी डिस्क दिसेचना. डिस्क मॅनेजमेंटमध्ये गेले तर तिथे ऑफलाइन म्हणून लिहिलेलं, वर कर्सर नेला की कारण सांगत होतं, दुसऱ्या डिस्कशी सिग्नेचर (डिस्कची ओळख सांगणारा आकडा) जुळतेय. म्हणजे जुळणारच ना, क्लोन आहे तो, सही सुद्धा तीच उचलली जाते. राइट क्लिक करून ऑनलाइन करा असा पर्याय होता आणि मी बोट ठेवणारच होते, पण तेवढ्यापुरती अक्कल शाबूत होती. ऑनलाइन केलं की विंडोज त्या डिस्कला नवी सही देतं, आणि आतला बूटचा सगळा हिशेब जुन्या सहीवर बांधलेला असतो, म्हणजे जी डिस्क चालत होती तिचंही मातेरं. एक काढली, एकच लावली, फाइली सगळ्या जागेवर होत्या.

फाइली जागेवर आहेत हे बघूनसुद्धा मी तिसऱ्यांदा क्लोन केला, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.

शेवटी धाकट्या भावाला फोन केला. तो हेच काम करतो, त्यामुळे त्याला घरच्यांचे फोन आले की आधी एक सुस्कारा ऐकू येतो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, तू तीन दिवस डिस्कच्या मागे लागलीयेस. मदरबोर्डाच्या सेटअपमध्ये जा आणि मला सांग डिस्क दिसते का."

"दिसते ना. साटाच्या पानावर मॉडेल नंबरसकट दिसते."

"आणि बूटच्या यादीत?"

गेले बूटच्या यादीत. तिथे पेनड्राइव्ह होता, नेटवर्क होतं, एसएसडी नव्हती. तीन दिवसांत मी हे पान पंधरा वेळा उघडलं असेल, आणि "डिस्क दिसते" आणि "डिस्कवरून बूट करता येईल" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे डोक्यातच आलं नव्हतं.

"मग डिस्क ठीक आहे, बोर्डाला तिच्यावर सुरू करण्यासारखं काही सापडत नाहीये," तो म्हणाला. "जुना लॅपटॉप लिगसीवर, म्हणजे जुन्या बूट पद्धतीवर, चालत होता का?"

मला काय माहीत. पण चालतच असणार, विंडोज ७ सोबत आला होता तो, नंतर १० वर नेला. आणि भानगड तिथेच होती. जुन्या पद्धतीत बायोस (बोर्डावरचा, मशिन सुरू करणारा प्रोग्राम) डिस्कचा पहिला सेक्टर वाचतो, ५१२ बाइटचा, त्यात थोडासा कोड असतो आणि पार्टिशनची (डिस्कच्या भागांची) यादी असते, हा एमबीआर. १९८३ पासूनची पद्धत आहे ही. नवीन मशिनमधलं यूईएफआय, बायोसच्या जागी आलेलं, तो कोड चालवायच्या भानगडीत पडत नाही. त्याला डिस्कवर एक छोटं फॅट३२ चं ईएफआय पार्टिशन हवं असतं आणि त्यात ठरलेल्या जागी बूटची फाइल हवी असते. शिवाय कुठली फाइल चालवायची याची नोंद तो बोर्डावरच्या मेमरीत ठेवतो, डिस्कवर नाही, त्यामुळे ती नोंद क्लोनमध्ये येतच नाही, मग तुम्ही दहा वेळा क्लोन करा. माझ्या डिस्कवर ईएफआय पार्टिशनच नव्हतं. म्हणजे डेस्कटॉपच्या दृष्टीने ती नुसती फाइली ठेवायची डिस्क.

सोपा उपाय म्हणजे सेटअपमध्ये लिगसी किंवा सीएसएम (यूईएफआयमधली जुन्या पद्धतीची सोय) चालू करायचं. शोधलं, सगळी पानं पालथी घातली, तो पर्यायच नाही. बऱ्याच नव्या बोर्डांतून तो काढूनच टाकलाय. मग उरला एकच मार्ग, डिस्कलाच एमबीआरवरून जीपीटीवर (यूईएफआयला चालणाऱ्या नव्या पार्टिशन-मांडणीवर) न्यायचं, डेटाला धक्का न लावता.

त्याआधी एक संध्याकाळ वाया गेली ती सांगायलाच हवी. विंडोजच्या इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह करून स्टार्टअप रिपेअर चालवलं, ते बराच वेळ गोल गोल फिरून म्हणालं की दुरुस्त करता आलं नाही. मग जिथे तिथे सांगतात म्हणून बूटरेक ही बूट दुरुस्तीची कमांड चालवली, तिचं फिक्सएमबीआर म्हणालं यशस्वी, फिक्सबूट म्हणालं अ‍ॅक्सेस नाकारला. फिक्सएमबीआर यशस्वी झाल्याचा मला केवढा आनंद, पण ज्या मशिनला एमबीआरमधला कोड चालवायचाच नाहीये तिथे तो कोड दुरुस्त करून उपयोग काय. भावाला सांगितलं तर म्हणाला, "अगं, कुलूप बदललंय आणि तू जुन्या किल्लीला तेल घालतेयस."

तर आता खरं काम. पेनड्राइव्हवरून सुरू केलं, भाषा निवडायच्या पहिल्याच पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबलं की काळी खिडकी उघडते. त्यात डिस्कपार्ट (डिस्क आणि पार्टिशनं हाताळायची कमांड), मग लिस्ट डिस्क. येणाऱ्या तक्त्यात सगळ्यात उजवीकडे जीपीटी नावाचा रकाना असतो, डिस्क जीपीटी असेल तर त्याखाली एक चांदणी दिसते. माझ्या डिस्कपुढे तिथे काही नव्हतं, रिकामी जागा. तीन दिवसांच्या डोकेफोडीचं कारण एवढंच, एक न उमटलेली चांदणी.

विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून त्यात एमबीआर२जीपीटी नावाची कमांड येते, नावात मधे आकडाच आहे २. ती आधी व्हॅलिडेट लावून चालवायची, त्यात डिस्कवर काही बदलत नाही, नुसतं तपासून सांगते. चालवली. एका सेकंदात उत्तर, डिस्क शून्यची मांडणी तपासणीत नापास. का नापास ते सांगायचं नाव नाही. मी पुन्हा चालवली, जणू दुसऱ्यांदा विचारल्यावर तिचं मन पालटेल.

कारण सापडलं लिस्ट पार्टिशन केल्यावर. चार पार्टिशनं होती. पहिलं १०० एमबीचं सिस्टम रिझर्व्ह्ड, मग सी, मग डी, आणि शेवटी लॅपटॉपच्या कंपनीने दिलेलं रिकव्हरीचं. चारही प्रायमरी, म्हणजे एमबीआरच्या यादीत थेट नोंदलेली. एमबीआरमध्ये पार्टिशनच्या यादीला जागाच मुळी ६४ बाइट, एका नोंदीला १६, म्हणजे चारच्या वर जात नाही, आणि कंपनीने ती चारही भरून ठेवलेली. ही कमांड जास्तीत जास्त तीन प्रायमरी चालवून घेते, तिला ईएफआय पार्टिशनसाठी एक नोंद मोकळी लागते. एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल पार्टिशन असेल तरीही ती नाहीच म्हणते, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर तो आधी सस्पेंड करावा लागतो. माझ्याकडे बिटलॉकर नव्हता ते बरं झालं, नाहीतर डिस्क दुसऱ्या मशिनमध्ये गेली की ४८ आकडी रिकव्हरी की मागत बसते आणि ती की मी कुठे ठेवली असती देव जाणे.

कुठलं उडवायचं हा प्रश्न नव्हता, मेलेल्या लॅपटॉपला फॅक्टरीच्या अवस्थेत नेणारं रिकव्हरी पार्टिशन घेऊन मी काय करणार. पण डिस्कपार्टमध्ये डिलीट टाइप करताना हात थरथरतोच. आधी जुनी हार्ड डिस्क डेस्कटॉपपासून पूर्ण वेगळी करून कपाटात ठेवली, मग सिलेक्ट पार्टिशन चार, मग पुन्हा लिस्ट पार्टिशन, चारच्या पुढेच ती छोटी चांदणी आहे ना (इथे चांदणी म्हणजे निवडलेलं, तिथे चांदणी म्हणजे जीपीटी, असली गंमत), मग डिलीट. नाही म्हणालं, हे संरक्षित पार्टिशन आहे. शेवटी ओव्हरराइड हा शब्द जोडल्यावर गेलं.

पुन्हा व्हॅलिडेट. पास! मग व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट. एकेक ओळ येत गेली, मांडणी तपासतोय, ईएफआय पार्टिशन बनवतोय, बूटच्या नव्या फाइली टाकतोय, आणि मिनिटभराच्या आत यशस्वी. शेवटी वर एक सल्ला, आता तुमचं फर्मवेअर (बोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्राम) यूईएफआयवर करून घ्या. अगं बाई, तेवढं एकच तर येतं त्याला.

रीस्टार्ट केलं आणि पहिल्यांदाच विंडोजचा निळा लोगो दिसला. खाली ठिपके गोल फिरायला लागले. मी खुर्चीतून उठलेसुद्धा, तेवढ्यात ठिपके थांबले आणि आख्खा स्क्रीन निळा, रडका चेहरा, खाली लिहिलेलं इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. आगीतून फुफाट्यात.

भावाला फोटो पाठवला. त्याचा उलट टपाली मेसेज, "भारी! पुढे सरकलं."

मला चिडायला झालं होतं, पण त्याने समजावलं ते पटलं. बूट म्हणजे एकाने दुसऱ्याला खो द्यायचा प्रकार. बोर्डाचं फर्मवेअर बूट मॅनेजरला खो देतं, तो विंडोजच्या लोडरला, लोडर कर्नलला (विंडोजच्या गाभ्याला), आणि कर्नल जागा झाला की त्याला डिस्क स्वतःच्या ड्रायव्हरने (हार्डवेअरशी बोलणाऱ्या प्रोग्रामने) वाचावी लागते. पहिल्या दिवशी पहिलाच खो मिळत नव्हता. आता तीन खो मिळाले होते आणि चौथा भिडू उठून उभा राहिला पण त्याला डिस्कच दिसेना, कारण तोपर्यंत फर्मवेअर त्याला बोट धरून डिस्क वाचून दाखवत होतं आणि आता ते बोट सुटलं. त्यामुळे कुठला एरर आला यावरून नेमकं कुठे घोडं पेंड खातंय ते कळतं, आणि बूटरेक वगैरे आता कितीही चालवलं तरी काही होणार नाही, ते सगळं अलीकडचं काम.

सेटअपमध्ये जाऊन बघितलं तर साटाचा मोड रेड (अनेक डिस्का एकत्र चालवायची पद्धत) वर होता, इंटेलच्या आरएसटी ड्रायव्हरवाला. एकच डिस्क आहे मशिनमध्ये, कसलं रेड अन् काय, पण कित्येक मशिनं तशीच येतात. पेनड्राइव्हवरच्या विंडोजला डिस्क दिसत होती कारण इन्स्टॉलर सगळे ड्रायव्हर चाचपून बघतो. माझं विंडोज तसं नाही, त्याने वर्षानुवर्षं एकाच लॅपटॉपवर एकाच कंट्रोलरशी संसार केलेला, बाकीचे ड्रायव्हर घरात आहेत पण सुरुवातीला उठवायचे नाहीत अशी नोंद रजिस्ट्रीत. मोड बदलून एएचसीआय (साटा डिस्कचा साधा मोड) केला. (ज्या मशिनमध्ये आधीपासून दुसरं विंडोज रेडवर बसवलेलं आहे तिथे हे बिनधास्त करू नका, ते विंडोज याच एररने पडेल.) वाटलं आता नक्की. पुन्हा रडका चेहरा.

इथे मी खरंच हात टेकले होते. एएचसीआयचा ड्रायव्हर तर विंडोजचा स्वतःचा आहे, मग का नाही? तर जुन्या लॅपटॉपमध्ये कंपनीने इंटेलचा ड्रायव्हर टाकला होता, तो डिस्क सांभाळत होता, त्यामुळे विंडोजने स्वतःचा ड्रायव्हर बिनकामाचा म्हणून झोपवून ठेवलेला. त्याला जागं करायची सोपी युक्ती म्हणजे एकदा सेफ मोड. सेफ मोडमध्ये विंडोज बूटला लागणारे आपले मूळ ड्रायव्हर उठवतं, समोर काय हार्डवेअर आहे ते बघतं आणि नोंद दुरुस्त करतं. पण विंडोजच सुरू होत नाही तर सेफ मोडमध्ये जायचं कसं? बाहेरून सांगून.

पुन्हा पेनड्राइव्ह, पुन्हा काळी खिडकी. डिस्कपार्टमध्ये लिस्ट व्हॉल्यूम केलं, त्यात फॅट३२ चं छोटंसं ईएफआय पार्टिशन होतं ते निवडून त्याला एस हे अक्षर दिलं. इथे एक जपायचं, पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर ड्राइव्हची अक्षरं बदललेली असतात, माझा सी तिथे डी झाला होता, त्यामुळे आंधळेपणाने सी, सी करत कमांड मारायच्या नाहीत, आधी डीआयआर (फोल्डरमधली यादी दाखवणारी कमांड) करून विंडोजचं फोल्डर कुठे आहे ते बघायचं. मग बीसीडीएडिट या कमांडला एस वरची बीसीडी (बूटच्या नोंदींची) फाइल दाखवून डिफॉल्टला सेफबूट मिनिमल लावलं. टाइप करताना महिरपी कंस दोनदा चुकला. तिसऱ्यांदा ऑपरेशन यशस्वी.

रीस्टार्ट. लोगो. ठिपके. ठिपके फिरतायत. फिरतायत. खाली अक्षरं आली, डिव्हाइसेस तयार करतोय, मग टक्के, मग काही सेकंद पूर्ण काळं, माझा श्वास अडकलेला, आणि मग माझाच लॉगिनचा स्क्रीन, भल्यामोठ्या अक्षरांत, ताणलेला, कुरूप. एवढा सुंदर कुरूप स्क्रीन मी बघितला नव्हता.

पिन टाकला. पिन उपलब्ध नाही म्हणे. बरोबरच आहे, पिन त्या मशिनपुरता असतो, जुन्या बोर्डाशी बांधलेला, नव्या बोर्डाला तो कसा माहीत असणार. पासवर्ड टाका. आता पासवर्ड मी शेवटचा कधी टाकला होता, चार वर्षांपूर्वी? सेफ मोडमध्ये नेटवर्क नाही, म्हणजे विसरलात का वर टिचकी मारूनही काही होणार नाही. बूट लोडर, पार्टिशन, ड्रायव्हर सगळ्यांना पुरून उरले आणि अडकले स्वतःच्याच पासवर्डपाशी. शेवटी एका जुन्या डायरीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेला सापडला, त्यातलं एक अक्षर कॅपिटल होतं की नाही यावर तीन प्रयत्न गेले, आणि आत.

आत गेल्यावर सेफबूटची नोंद काढून टाकली, ते राहिलं तर आयुष्यभर सेफ मोडमध्येच सुरू होत राहतं. विंडोजच्या एमएसकॉन्फिगमधली बूटखालची सेफ बूटची टिक काढली तरी होतं. रीस्टार्ट, आणि या वेळी नीट, स्वच्छ, पूर्ण रिझोल्यूशन नाही पण विंडोज.

उरलेलं किरकोळ. नेटवर्कचा ड्रायव्हर नव्हता त्यामुळे बाकीचे ड्रायव्हर उतरवायला नेट नाही, तेवढा एक पेनड्राइव्हवरून आणला, मग बाकीचे विंडोज अपडेटने स्वतःच ओढले. लॅपटॉपचे जुने ड्रायव्हर आणि कंपनीची टचपॅड, बॅटरी वगैरेची सॉफ्टवेअरं काढून टाकली, ती दर वेळी सुरू होऊन हार्डवेअर सापडत नाही म्हणून रडत होती. अ‍ॅक्टिव्हेशन सुरुवातीला गेलेलं दाखवत होतं. लॅपटॉपसोबत आलेलं लायसन्स त्या बोर्डाचं, ते क्लोनबरोबर येत नाही. पण डेस्कटॉपचं स्वतःचं लायसन्स होतं, दोन्ही होम आवृत्तीच होत्या, नेट लागल्यावर थोड्या वेळाने आपोआप अ‍ॅक्टिव्हेट झालं.

मग ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला ते हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडलं. टास्कबारवर चिन्ह आलं, खिडकी येईना. पुन्हा टिचकी, चिन्ह आहे, खिडकी नाही. भावाला फोन करायला हात गेला आणि मग आठवलं, लॅपटॉपला मी बाजूला दुसरा मॉनिटर लावत होते आणि हे नेहमी त्यावर उघडायचं. ते बिचारं अजून तिथेच उघडत होतं, नसलेल्या मॉनिटरवर. ऑल्ट आणि स्पेस, मग एम, मग डावा बाण दाबून धरला. उजव्या कडेने हळूहळू सरकत आलं ते, आधी राखाडी पट्टी, मग आकड्यांचे रकाने, शेवटची नोंद पहिला क्लोन केला त्या दिवसाची, अर्धवट.